हँडलोडिंगमध्ये पावडर मोजायची कशी: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

नवीन माणूस हँडलोडिंग, म्हणजे बंदुकीची काडतुसं स्वतः हाताने भरणं, शिकायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला, काटा कुठला घेऊ. मी त्याला उलट विचारतो की चेक वेट, म्हणजे काटा तपासायची ठराविक वजनं, घेतलीस का, आणि बहुतेक वेळा समोरून "ते काय असतं" असं येतं. म्हणून हा लेख. महागडा काटा घेऊन चुकीची पावडर भरणारे लोक आहेत आणि जुना दांडीचा काटा वापरून वर्षानुवर्षं बिनचूक काडतुसं भरणारेही आहेत, फरक इतकाच की दुसऱ्या जातीचे लोक काट्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्याला सारखं तपासत बसतात.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, जिथे कायद्याने परवानगी आहे आणि तुमच्याकडे लागतो तो परवाना आहे तिथेच हे करायचं, नसेल तर इथेच थांबा. दोन, मराठीत या पदार्थाला सरळ दारू म्हणतात, दारूगोळ्यातली दारू, पण घोळ नको म्हणून मी इथे पावडरच म्हणणार आहे. तसंही दोन्ही दारू एका टेबलावर कधीच नकोत, ही गंमत म्हणून सांगत नाहीये.

ग्रेन म्हणजे दाणा नव्हे

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड, १ ग्राममध्ये साधारण १५.४३ ग्रेन, म्हणजे एक ग्रेन झाला ०.०६४८ ग्राम. तोळ्याच्या हिशोबात बघायचं तर ब्रिटिशांनी ठरवलेल्या एका तोळ्यात बरोबर १८० ग्रेन बसतात. म्हणजे आपण किती बारीक वजनाबद्दल बोलतोय ते लक्षात येईल, आणि आपल्याला तर त्याचाही दहावा भाग मोजायचाय.

नावामुळे पहिला गोंधळ असा होतो की लोकांना वाटतं एक ग्रेन म्हणजे पावडरचा एक दाणा. नाही. लांबुळक्या काडीसारख्या पावडरचे बरेच दाणे मिळून एक ग्रेन होतो, बारीक गोल पावडरचे तर मोजता येणार नाहीत एवढे. दुसरा गोंधळ बुलेटचा, कारण बुलेटचं वजनही ग्रेनमध्येच देतात. डब्यावर १५० ग्रेन लिहिलंय ते पुढच्या बुलेटचं वजन, आतल्या पावडरचं नाही. आणि काडतुसाच्या नावातला आकडा बघून तर काहीच ठरवू नका. ४५-७० हे १८७३ सालचं काडतूस, त्यातले ७० म्हणजे काळ्या पावडरचे ७० ग्रेन, हे खरं आहे, पण थर्टी ऑट सिक्स मधला सहा म्हणजे १९०६ साल, त्याचा पावडरशी काही संबंध नाही. आणि ४५-७० मध्ये आज कोणी त्या नावाकडे बघून ७० ग्रेन स्मोकलेस, म्हणजे आजची बिनधुराची पावडर भरायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. काळी पावडर आणि स्मोकलेस या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. काळी पावडर पूर्वीपासून मापाने म्हणजे आकारमानाने भरतात, स्मोकलेस वजनाने, आणि एकीचं माप दुसरीला कधीच चालत नाही.

तिसरा गोंधळ काट्यावरच्या मोडच्या बटणाचा आणि हा सगळ्यात वाईट. बऱ्याच छोट्या डिजिटल काट्यांवर ग्राम, ग्रेन, कॅरट, औंस असं सगळं एकाच बटणावर फिरतं. ग्रेनच्या जागी ग्राम लागलं तर ५ च्या ऐवजी ७७ ग्रेन होतात, पिस्तुलाच्या पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचातून, पावडर सांडायला लागते आणि चूक तिथल्या तिथे कळते. पण कॅरट लागलं तर? एक कॅरट म्हणजे ३ ग्रेनच्या किंचित वर. म्हणजे तिप्पट माल, आणि मोठ्या पुंगळीत तो गुपचूप बसूही शकतो. त्यामुळे काटा चालू केल्यावर स्क्रीनवरचं एकक मोठ्याने वाचायचं, वेड्यासारखं वाटलं तरी. जमत असेल तर असा काटा घ्या ज्यावर फक्त ग्रेन आणि ग्राम आहेत.

आकडा कुठून आणायचा

किती पावडर हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही सांगणार नाही, कोणी ओळखीच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आकडा तर अजिबात नको. पावडर बनवणाऱ्याची किंवा बुलेट बनवणाऱ्याची छापील लोड डेटाची पुस्तकं असतात, त्यात तुमचं काडतूस, तुमचं बुलेट वजन, तुमची पावडर शोधायची. तिथे सुरुवातीचा चार्ज आणि कमाल चार्ज असे दोन आकडे मिळतात, चार्ज म्हणजे एका काडतुसात भरायची पावडर. सुरुवात नेहमी खालच्या आकड्यापासून. फक्त कमाल दिलेला असेल तर त्यातून १० टक्के कमी करून सुरू करायचं अशी जुनी रीत आहे, मात्र काही पावडरींसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा कमी करू नका अशी स्पष्ट सूचना असते, ती दिसली तर ती पाळायची, रीत बाजूला.

पावडरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा तोच, जळण्याचा वेग वेगळा. एकीचा डेटा दुसरीला लावला की कमाल मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. ४८९५ चंही तेच. मी आकडा कागदावर लिहून काट्याच्या समोर चिकटवतो, पावडरचं नाव, चार्ज, बुलेट, तारीख. डोक्यात ठेवलेला आकडा दोन तासांनी बदलतो हा स्वानुभव आहे.

टेबल

टेबलावर एका वेळी एकच पावडर. एकच म्हणजे एकच, दुसरा डबा कपाटात, झाकण लावून. ज्या डब्यातून पावडर काढली तो डबा मेझरच्या, म्हणजे पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राच्या, शेजारी उभा ठेवायचा म्हणजे हॉपरमध्ये, त्याच्या वरच्या भांड्यात, काय आहे याबद्दल कधी शंका येणार नाही. शंका आलीच, म्हणजे हॉपरमध्ये पावडर दिसतेय आणि ती कुठली ते शंभर टक्के माहीत नाही, तर ती फेकायची. वास घेऊन, रंग बघून ओळखणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी उभं राहून मी गोळीबार करणार नाही.

पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. टीव्ही बंद. फोन दुसऱ्या खोलीत, कारण एक तर लक्ष जातं आणि दुसरं म्हणजे काही डिजिटल काटे जवळच्या फोनमुळे आणि ट्यूबलाइटमुळेसुद्धा आकडे इकडेतिकडे करतात. सिगारेट, उदबत्ती, कुठलीही ज्योत नको हे सांगायला नको, तरी सांगतो. टेबल हलणारं नको. ज्या टेबलावर प्रेस, म्हणजे पुंगळीत बुलेट दाबून बसवायचं दांडीचं यंत्र, बसवलाय त्याच टेबलावर काटा ठेवला तर प्रेसची दांडी ओढली की काटा थरथरतो, त्यामुळे शक्य असेल तर काटा वेगळ्या भक्कम फळीवर, डोळ्यांच्या उंचीला.

दांडीचा काटा

याला बीम स्केल म्हणतात. एका बाजूला पारडं, दुसऱ्या बाजूला खाचा असलेली दांडी आणि त्यावर सरकणारी दोन वजनं, मोठं साधारण ५ किंवा १० ग्रेनच्या टप्प्याने सरकतं आणि छोटं ०.१ ग्रेनच्या. वीज नको, बॅटरी नको, गरम व्हायला वेळ नको. हळू आहे पण मला अजूनही आवडतो.

सपाट जागी ठेवा. दोन्ही वजनं शून्यावर आणा, रिकामं पारडं लावा, आणि पायाचा स्क्रू फिरवून दांडीचं टोक शून्याच्या रेषेवर आणा. एकदा शून्य केल्यावर काटा जागेवरून हलवायचा नाही, हलवला तर परत शून्य. दांडी ज्या धारेवर डोलते ती धार आणि तिची बैठक स्वच्छ हवी, एक केस किंवा पावडरचा एक कण अडकला तरी काटा आळशी होतो. तेल कधीच घालू नका, तेल धूळ धरतं. तपासायचं असेल तर दांडी बोटाने हलकी दाबून सोडा, ती परत त्याच रेषेवर आली पाहिजे, दोनतीनदा करून बघा, दरवेळी वेगळीकडे थांबत असेल तर बैठक घाण आहे किंवा झिजलीय. बहुतेक काट्यांमध्ये दांडीचं टोक चुंबकांच्या मधून जातं म्हणून डोलणं लवकर थांबतं, तिथे लोखंडाचा कीस चिकटला तरी हाच त्रास.

रेषेकडे बघताना डोळा रेषेच्या समोर. वरून बघितलं की दशांश दोन दशांश सहज फसतो माणूस.

पण बीम स्केलची खरी चूक दशांशाची नसतेच. मोठं वजन एका खाचेने चुकतं. शर्टाची बाही लागते, पुसताना धक्का लागतो, किंवा आदल्या वेळी रायफलसाठी लावलेलं वजन तसंच राहतं आणि आज तुम्ही फक्त छोटं वजन सेट करता. छोटं वजन बरोबर दिसतं, मन भरतं, आणि अख्खी बॅच ५ किंवा १० ग्रेनने चुकलेली. पिस्तुलात हे जीवघेणं आहे. म्हणून दोन्ही वजनांची जागा वाचायची, लिहायची, आणि मध्ये चहाला उठलात तर परत आल्यावर पुन्हा वाचायची.

डिजिटल काटा

वेगवान आहे, वाचायला सोपा आहे, आणि खोटं बोलताना अतिशय आत्मविश्वासाने बोलतो. चालू करून निदान १५ ते ३० मिनिटं तसाच ठेवा, आतला सेन्सर तापमानाला स्थिर होऊ दे. थंड खोलीतून आणून लगेच वापरला तर आकडा तुमच्या डोळ्यांसमोर सरकत राहील. मग त्याच्यासोबत आलेल्या वजनांनी कॅलिब्रेट करा. बॅटरीवर चालणारा असेल तर ताजी बॅटरी, किंवा अडॅप्टर लावा.

आता एक युक्ती सांगतो जी फार कमी लोक करतात. पारडं ठेवून काटा शून्य केला की मग पारडं उचला, स्क्रीनवर उणे आकडा येईल, तो म्हणजे पारड्याचं वजन. तो आकडा कागदावर लिहून ठेवा. आता दर वेळी पावडर ओतायला पारडं उचललं की स्क्रीनकडे नजर टाका, तोच उणे आकडा दिसला पाहिजे. बदलला असेल तर शून्य सरकलंय, थांबा, परत शून्य करा, आणि शेवटच्या तपासणीनंतर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या परत मोजा. फुकटची तपासणी आहे ही, वेगळं काहीच करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट हळूहळू पावडर टाकताना होते. बरेच डिजिटल काटे शून्याजवळचे किंवा स्थिर आकड्याजवळचे बारीक बदल आपण होऊन गिळून टाकतात, म्हणजे आकडा नाचू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. तुम्ही एकेक दाणा टाकत बसलात तर काटा काही दाणे मोजतच नाही आणि शेवटी स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा जास्त माल पारड्यात असतो. उपाय साधा आहे, हवा तो आकडा आला की पारडं उचलायचं आणि परत ठेवायचं. उचलून ठेवल्यावर जो आकडा येतो तो खरा.

कोरड्या हवेत स्थिर विजेचाही त्रास होतो, प्लास्टिकचं पारडं आणि फनेल पावडर धरून ठेवतात, दाणे भिंतीला चिकटून उड्या मारतात. पारडं धातूचं असेल तर बरं. फनेल धुऊन तसाच वाळू द्या, पुसू नका, पुसलं की उलट जास्त चिकटतं.

चेक वेट

हे पाच सात छोटे छोटे तुकडे म्हणजे या सगळ्या सामानातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू. ठराविक वजनाचे असतात, एकत्र करून पाहिजे तो आकडा जुळवता येतो. काटा कुठलाही असो, तुम्हाला जो चार्ज मोजायचाय त्याच्या जवळपासचं वजन ठेवून बघा. ४५ ग्रेन मोजायचे आणि तपासलं २ ग्रेनवर, याला अर्थ नाही, आणि उलटही नाही. कॅलिब्रेशनचं मोठं वजन बरोबर दाखवणारा काटा खाली ५ ग्रेनपाशी चुकू शकतो. चिमट्याने उचला, बोटाचा घाम तेल लागून वजन बदलतं. सुरुवातीला एकदा, मध्ये दर पंधरावीस मिनिटांनी, आणि शेवटी एकदा. शेवटची तपासणी लोक विसरतात, पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटीही बरोबर असेल तरच मधल्या पुंगळ्यांबद्दल काही म्हणता येतं.

पावडर मेझर आणि पावडरचा आकार

प्रत्येक चार्ज काट्यावर तोलायचा तर ५० काडतुसांना संध्याकाळ जाते, म्हणून पावडर मेझर. वर हॉपर, खाली फिरणारा ड्रम, ड्रममध्ये कमी जास्त करता येणारी पोकळी. दांडा वर केला की पोकळी भरते, खाली केला की रिकामी होते. म्हणजे हे यंत्र वजन करत नाही, जागा मोजते, हे डोक्यात पक्कं ठेवा. तेवढ्याच जागेत कुठल्या पावडरचं किती वजन बसेल हे पावडरप्रमाणे बदलतं, एकाच पावडरच्या दोन लॉटमध्येही थोडं बदलतं. म्हणून स्क्रूवरच्या आकड्यांची जी वही काही लोक ठेवतात ती फक्त अंदाजे जवळ पोचायला ठीक, त्याच्यावर भरायला सुरुवात करायची नाही.

पावडर तीन आकारांत येते. बारीक गोल दाण्याची, तिला बॉल पावडर म्हणतात, ती पाण्यासारखी वाहते आणि मेझरमधून जवळपास सारखीच पडते. चकत्यांची, म्हणजे फ्लेक, ही बऱ्याच पिस्तुल आणि शॉटगनच्या पावडरींत असते, मध्यम वागते पण छोट्या चार्जला कधीकधी एकमेकींवर अडकते. आणि काडीची, रायफलवाल्यांची लाडकी, ही सगळ्यात हट्टी. काडी ड्रमच्या धारेवर आडवी आली की दांडा कचकन अडतो, तुम्ही जोर लावला की ती कापली जाते. एखादी कापली तर आभाळ कोसळत नाही पण अडलेल्या चार्जचं वजन वेगळं असतं, तो परत हॉपरमध्ये टाकायचा.

काडीच्या पावडरचा याहून मोठा त्रास खालच्या नळीत आहे. काड्या नळीत कमान करून अडकतात, अर्धी पावडर वरच राहते, या पुंगळीत कमी पडते आणि पुढच्या पुंगळीत ती राहिलेली अधिक नवीन अशी दोन्ही मिळून पडते. एक कमी, एक जास्त, लागोपाठ. म्हणून एखादा चार्ज कमी आढळला तर फक्त तोच दुरुस्त करून पुढे जायचं नाही, त्याच्या पुढचाही तोलायचा.

मेझर लावायची पद्धत अशी. हॉपर निदान अर्ध्याहून जास्त भरा आणि काम चालू असताना त्याखाली जाऊ देऊ नका, वरचं ओझं बदललं की खाली पोकळीत बसणारी पावडरही थोडी बदलते. बॅफल, म्हणजे वरच्या पावडरचं ओझं अडवणारी पट्टी, मिळाली असेल तर आत बसवा. पहिले दहाबारा चार्ज काढून परत हॉपरमध्ये ओता, पावडर बसायला तेवढं लागतं. मग एक काढा, तोला, स्क्रू फिरवा, परत काढा. आकडा जुळला असं वाटलं की दहा चार्ज एकाच पारड्यात काढा, एकत्र तोला, दहाने भागा. एकेका चार्जमध्ये काट्याची ०.१ ग्रेनची अनिश्चितता असते, ती दहाने भागल्यावर जवळपास नाहीशी होते, त्यामुळे सरासरी खरी कळते. पण फक्त सरासरीवर खूश होऊ नका, पाचसहा चार्ज वेगवेगळेही तोला, कारण एक खूप कमी आणि एक खूप जास्त असले तरी सरासरी सुंदर दिसते.

दांडा ओढण्याची लय हे खरं कौशल्य. दरवेळी त्याच वेगाने, वर टोकाला तोच धक्का, खाली टोकाला तोच धक्का. कोणी हळू ओढतं, कोणी दोन टकटक देतं, काहीही चालेल, फक्त पहिल्या आणि पन्नासाव्या वेळी ते सारखं हवं. दर दहावा चार्ज पारड्यात काढून तोलायचा. कोणी बोलायला आलं की लय मोडते, मी अशा वेळी दांडा सोडून हात मांडीवर ठेवतो आणि नंतर सुरू करताना पहिला चार्ज परत हॉपरमध्ये टाकतो.

ट्रिकलर

काडीची पावडर असेल, किंवा लांब पल्ल्यासाठी भरत असाल, तर मेझर मुद्दाम थोडा कमी लावा, हव्या त्या आकड्याच्या अर्धा ग्रेनभर खाली, पारड्यात टाका, पारडं काट्यावर ठेवा आणि उरलेलं ट्रिकलरने दाणा दाणा भरा. ट्रिकलर म्हणजे एक छोटी वाटी आणि त्यातून आडवी गेलेली नळी, नळी फिरवली की दाणे टपटप पडतात. जास्त पडलं तर चिमटीने काढायचा मोह होतो, त्यापेक्षा सगळं परत ओतून नव्याने करा.

स्वयंचलित डिस्पेन्सरही मिळतात, आकडा टाकला की ते स्वतःच भरतात. छान आहेत, पण आत शेवटी डिजिटल काटाच आहे, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. आधी दुसऱ्या काट्यावर पडताळा.

दहाव्या भागाचा इतका जीव काढायचा का, असं विचारतात. त्याचं उत्तर चार्ज केवढा आहे यावर आहे. ४५ ग्रेनच्या रायफल चार्जमध्ये ०.१ ग्रेन म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी, कागदावर बहुतेकांना फरक दिसणारही नाही. पण ४ ग्रेनच्या पिस्तुल चार्जमध्ये तेच ०.१ म्हणजे अडीच टक्के. गंमत अशी की लोक रायफलची पावडर जपून तोलतात आणि पिस्तुलाची धडाधड भरतात. उलटं पाहिजे.

पुंगळीत ओतताना

लोडिंग ब्लॉक, म्हणजे भोकं असलेला ठोकळा, हवाच. रिकाम्या, तळाला प्रायमर म्हणजे पावडर पेटवणारी टोपी बसवलेल्या पुंगळ्या एका ब्लॉकमध्ये तोंड खाली करून ठेवा. एक उचलायची, सुलटी करायची, पावडर ओतायची, दुसऱ्या ब्लॉकमध्ये तोंड वर करून ठेवायची. तोंड खाली म्हणजे रिकामी, तोंड वर म्हणजे भरलेली, यात विचार करायला जागाच नाही.

इतकं का, तर डबल चार्जमुळे. जुन्या पिस्तुलाच्या पुंगळ्या काळ्या पावडरच्या काळातल्या मापाच्या, मोठ्या, आणि आजच्या वेगाने जळणाऱ्या पावडरचा चार्ज त्यात तळाला थोडासा दिसतो. थर्टी एट स्पेशल बघा, १८९८ च्या सुमाराचं काडतूस, त्यात अशा पावडरचे दोन चार्ज पडले तरी वरून ओसंडत नाही. आणि दुप्पट चार्ज बंदूक फोडतो, सिलिंडर उडतो. म्हणून नवीन माणसाने, डेटा परवानगी देत असेल तर, अशी पावडर निवडावी जी पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, म्हणजे दोनदा टाकली की सांडलीच पाहिजे.

सगळ्या भरून झाल्या की छोटा टॉर्च घेऊन ब्लॉकवर वरून बघा, ओळीने, प्रत्येक पुंगळीत. पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखादी उंच किंवा खोल वाटली तर ती ओतून परत मोजा, वाद घालू नका. हे बघितल्याशिवाय बुलेट बसवायला घ्यायचं नाही, आणि बघितल्यावर मध्ये दिवस जाऊ द्यायचा नाही, लगेच बसवा.

काही जण म्हणतात नंतर भरलेलं काडतूस तोलून कळेल की. नाही कळत. पुंगळ्यांच्या वजनात आपापसात काही ग्रेनचा फरक असतो, बुलेटमध्येही थोडा असतो, पिस्तुलाचा अख्खा चार्जच तेवढा असतो, त्यामुळे फरक कशाचा ते सांगता येत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे पावडर न पडलेली पुंगळी. नुसता प्रायमर फुटतो, बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, आवाज फुसका येतो. तसा आवाज आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, बॅरल आरपार दिसतंय का बघायचं. मागून दुसरी गोळी मारली तर बॅरल फुगतं किंवा फाटतं.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे दांडीच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणाऱ्या प्रेसवर, भरायची घाई करू नका. तिथे दांडा अर्ध्यावर अडला, परत मागे घेऊन ओढला, की रिकामी पुंगळी किंवा डबल चार्ज दोन्ही होऊ शकतं. आधी सिंगल स्टेजवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर, काही महिने काढा.

आवरताना

हॉपर रिकामा करा, पावडर तिच्याच मूळ डब्यात. दोन तीनदा दांडा मारून ड्रममध्ये राहिलेलीही काढा, ब्रशने झटका. रात्रभर हॉपरमध्ये ठेवली तर सकाळी ती कुठली होती यावर प्रश्नचिन्ह लागतं हे एक, आणि डबल बेस पावडरमधल्या नायट्रोग्लिसरीनमुळे प्लास्टिकचा हॉपर हळूहळू धुरकट होतो, खरवडल्यासारखा दिसतो, हे दुसरं. सांडलेली पावडर झाडूने आणि सुपलीने गोळा करा, व्हॅक्यूम क्लिनर नको, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. गोळा केलेली परत डब्यात टाकायची नाही, त्यात टेबलावरचं काय काय असतं.

आणि बॅचवर चिठ्ठी. तारीख, पावडर, तिचा लॉट नंबर, चार्ज, बुलेट, प्रायमर, किती भरली, शेवटच्या तपासणीत काटा किती दाखवत होता. हा शेवटचा रकाना मी नंतर वाढवला. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा ५० पिस्तुल काडतुसं भरून झाल्यावर सहज चेक वेट ठेवून बघितलं तर काटा अर्ध्या ग्रेनने चुकत होता, आणि कधीपासून चुकत होता हे कळायला मार्गच नव्हता कारण मध्ये एकदाही बघितलं नव्हतं. हातोडीसारखा पुलर असतो, त्यात काडतूस अडकवून आपटलं की बुलेट आणि पावडर बाहेर येते. पन्नासच्या पन्नास आपटून उघडली, दुसऱ्या काट्यावर एकेक तोलली. ४७ बरोबर निघाली, चुकलेल्या तिन्ही शेवटच्या होत्या.